दुसऱ्या टोकाला

बसा भाऊ, उभं राहिलात म्हणून रीळ काही लवकर होणार नाही. पार खिळलंय तुमचं. तळ्यावरून आलात की धुवून पुसून ठेवायला तुम्हा लोकांना काय होतं, कुणास ठाऊक. मासा मिळाला की रीळ गेलं कोपऱ्यात. आता वाळू आणि जुन्या ग्रीसचा असा चिखल बसलाय दात्यांत, की रॉकेलमध्ये भिजल्याशिवाय सुटणार नाही. त्यात वीजही आत्ताच जायची होती. तो कंदील जरा इकडे सरकवा. हं, आता दिसतंय.

ते होय, फळीवरचं रीळ? ते विकायचं नाही. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, आणि मी काहीतरी थाप मारून वेळ मारून नेते. पण तुम्हाला थांबावंच लागणार आहे, तर ऐका.

आमच्या यांचं आहे ते. हे बसच्या डेपोत मेकॅनिक होते. हात म्हणजे नुसती फावडी. अख्खं इंजिन उतरवतील, पण एवढीशी स्प्रिंग चिमटीत धरायची म्हटलं की घाम फुटायचा. मी शिवणकाम करणारी, मशीन उघडून तेल घालण्यात माझा जन्म गेला. शिवाय यांची एक खोड होती. काहीही उघडून परत जोडलं की एक तुकडा उरायचाच. घड्याळ असो नाहीतर पंखा असो. मला दिसू नये म्हणून तो गुपचूप शर्टाच्या खिशात टाकायचे, आणि कपडे धुताना तो माझ्याच हाती लागायचा. विचारलं तर म्हणायचे, कंपनीने जादाचा दिलाय. म्हणून लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी घरात कायदा केला. उघडायचं यांनी, बंद करायचं मी.

मासेमारीचा हंगाम संपला की एका दुपारी यांचं रीळ उघडायला या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. हे डावखुरे. एकेक भाग सोडवून उजवीकडून डावीकडे मांडत जायचे. मी शेवटच्या भागापासून सुरू करून उलट जोडत यायची. दात्यांना ग्रीस, बेअरिंगला तेलाचा एक थेंब. यांना वाटायचं ग्रीस जितकं थापावं तितकं चांगलं. मी मागून कापडाने पुसून काढायची आणि तोंडाने बडबडायची. हे हसायचे.

मग राहायची दोरी. सैल गुंडाळली तर पुढे गुंता करते, हे तुम्हाला सांगायला नको. ताणून भरावी लागते. म्हणून हे टोक बोटाला गुंडाळून मागच्या दाराने निघायचे, ते थेट तळ्याच्या काठापर्यंत. मी इथे, याच खुर्चीत बसून रिळाची मूठ फिरवायची. दोरी ताणून धरत हे पाऊल पाऊल घराकडे यायचे. इथून काठ दिसत नाही, हाक पोचत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. एक झटका म्हणजे ओढ. दोन झटके म्हणजे थांब, बोट कापतंय. एकदा दोन झटके द्यायला यांनीच उशीर केला, तर दोरी मांसात रुतली. तो व्रण कायमचा राहिला. शेवटी मागच्या दारातून आत यायचे, टोक माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आलो बघ." जसे काही सातासमुद्रापलीकडून आलेत.

एका सकाळी हे होडी घेऊन गेले. दुपारी होडी पलीकडच्या काठाला लागलेली सापडली. त्यात काठी होती, रीळ होतं, जेवणाचा डबा होता, हे नव्हते. पाणबुड्यांनी तळ ढवळून काढला, काही मिळालं नाही. रिळावरची सगळी दोरी पाण्यात सुटलेली होती. तळ्यावरच्या नावाड्याने ती गुंडाळून आणून दिली. टोकाला काही नव्हतं म्हणाला.

माणूस गेला तर निदान चेहरा बघायला मिळतो, भाऊ. मला तोही मिळाला नाही. लोक म्हणत, रडून मोकळी हो. कशावर रडू? मला यांच्या पावलांचा आवाज हवा होता आणि ते "आलो बघ" हवं होतं. दुसरं काही नको होतं.

ते रीळ मी कपाटात टाकलं आणि बरेच दिवस हातही लावला नाही. पुढे लेकीने धोशा लावला की घर विकून माझ्याकडे राहायला ये. माझ्यातही भांडायचं बळ उरलं नव्हतं. हो म्हटलं. ज्या दिवशी संध्याकाळी ती मला न्यायला येणार होती, त्या दुपारी मी सामान बांधत होते. नावाड्याने आठवण म्हणून रीळ मागितलं होतं. अशी गंजलेली वस्तू माणसाला कशी द्यायची, म्हणून मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

स्क्रू हलेनात. जोर लावून लावून तळहात सोलले. मग प्रत्येक स्क्रूवर तेलाचे थेंब सोडले आणि मुरेपर्यंत आत कपडे भरायला गेले. बाहेर ढग दाटले होते, घरात दुपारीच अंधारून आलं होतं. बॅगेवर वाकले होते तेवढ्यात इथून आवाज आला. बशीत स्क्रू पडल्यासारखा. टिंग... मग थोड्या वेळाने आणखी एक.

मला वाटलं मांजर आलं. येऊन पाहते तर रीळ उघडलेलं. सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. उजवीकडून डावीकडे.

मी घाबरले का? खरं सांगू, नाही. आधी वाटलं मीच उघडलं असेन आणि विसरले असेन. पण मी कधी उजवीकडून मांडत नाही. शिवाय कागद ओला होता, आणि खोलीत तळ्याचा वास होता. शेवाळाचा, आणि त्यात मिसळलेला ग्रीसचा. डेपोतून आल्यावर यांच्या हातांना यायचा तो. मी समोरच्या खुर्चीकडे बघितलं नाही. बघितलं तर मोडेल, असं वाटलं. खाली मान घालून मी कामाला लागले. रॉकेलने धुतलं, पुसलं, ग्रीस लावलं. या वेळी ग्रीस जरा जास्तच लावलं. यांना आवडायचं ना.

शेवटी एक भाग कमी पडला. किर्र वाजते ती चिमुकली स्प्रिंग. दोरी सुटताना किंवा भरताना ती आतल्या दात्यांवरून सरकते, म्हणून आवाज येतो. टेबलाखाली पाहिलं, पदर झटकला, केर काढला. मिळाली नाही. तिच्यावाचून रीळ चालतं, फक्त मुकं होतं. तसंच बंद केलं.

दोरी भरायची तर टोक धरायला कुणी नव्हतं. माझी एक बंद पडलेली इस्त्री होती, चांगली जड. ती टोकाला बांधून मागे कपडे वाळत घालायच्या खांबापाशी ठेवली. ती फरफटत येईल, दोरी ताठ राहील. दार वाऱ्याने आपटत होतं म्हणून लोटून घेतलं, दोरी खालच्या फटीतून आत आली. बसले आणि मूठ फिरवायला लागले.

आधी इस्त्री घासत येत असल्याचा आवाज येत होता. खर्र... खर्र... मग तो थांबला. दोरी मात्र येतच राहिली. ताठ, आणि ओली. खांब काही फार लांब नाही. तेवढी दोरी केव्हाच यायला हवी होती. तरी येतच होती, आणि माझ्या मांडीवर पाणी ठिबकत होतं.

मग एक झटका आला. एकच. ओढ.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मूठ फिरवत होते. मागे अंगणात पावलं वाजली, ओल्या वहाणांची, यांच्यासारखी उजवा पाय जरा ओढत. पायरीवर आली. दाराशी थांबली. मधे एवढीशी दोरी राहिली होती. आणखी दोन फेरे, की दार उघडलं असतं आणि हे आत आले असते.

तेवढ्यात पुढच्या दाराशी लेकीची हाक आली, "आई..."

आणि दोन झटके बसले.

मी ऐकलं नाही. आयुष्यात यांचं पहिल्या खेपेला कधी ऐकलं होतं? अर्धा फेरा आणखी मारला. पुन्हा दोन झटके, कळवळून दिल्यासारखे. दाराच्या फटीपाशी कुणीतरी श्वास आत ओढला.

दोन झटके म्हणजे बोट कापतंय, भाऊ.

मला हे हवे होते. कसेही असते तरी चालले असते. पण मी ओढत होते आणि त्यांना दुखत होतं. मी मुठीवरचा हात काढला. हळूच म्हटलं, "बरं... सावकाश या." दोरी सैल पडली. पावलं पायरी उतरून गेली.

लेक आत आली, तिनेच मागचं दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. अंगण कोरडं, पायरी तेवढी ओली. इस्त्री खांबापाशीच होती, मी ठेवली तिथेच, पण गाठ सोडलेली. दोरीचं टोक दारात पडलं होतं, बोटाभोवती गुंडाळल्यासारखा वेढा तसाच राहिलेला.

मी गेले नाही. लेक अजूनही येते, चिडते, विचारते की इथे कशासाठी थांबली आहेस. तिला काय सांगू? ती स्प्रिंग यांच्या खिशात आहे. दुसरीकडे कुठे असणार? आज ना उद्या द्यायला येतील. बोलावणार नाही, ओढणार तर नाहीच. तुमच्यासारख्यांची रिळं दुरुस्त करते आणि मागच्या दाराला कडी लावत नाही. रोज पुसते ते फळीवरचं, मूठ फिरवून बघते. मुकं आहे अजून. स्प्रिंगवाचून वाजणार कसं?

थांबा... ऐकलंत?

किर्र...

नाही हो भाऊ, तुमचं कसं असेल? तुमच्या रिळाचे सगळे भाग या बशीत रॉकेलमध्ये पडलेत. उठू नका. कंदील तेवढा मागच्या दाराकडे धरा. तिथे पायरी जरा मोडली आहे, यांना अंधारात दिसायची नाही.