मिसेस ऑक्सलींचा चढ

इंडियानाच्या आमच्या भागात चढ म्हणून नाहीच. पोरांना घसरगुंडीशिवाय उंची ठाऊक नाही. चहूकडे मका आणि त्यातून दोरी ताणल्यासारखे रस्ते. म्हणून गॅरेजात मिसेस ऑक्सलींच्या चौपन्न सालच्या पाँटियॅक गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडला, तेव्हा मी डोकं खाजवत बसलो. आतल्या क्लचप्लेटांचा कोळसा झाला होता. डोंगरात ओझी ओढणाऱ्या गाड्यांतून अशा प्लेटा निघतात.

"गाडी नेता तरी कुठे?"

"चर्चच्या रस्त्यानं. अर्ध्या चढावर दम टाकते."

"चढ? तव्यासारखा सपाट आहे तो रस्ता."

"तुला सपाट," त्या म्हणाल्या. "वर बर्ल थांबलाय, लेस्टर. मला तिथवर पोचायचंय."

बर्ल त्यांचा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर ही गाडी इंजिन चालू असलेली सापडली. बर्ल काही सापडला नाही. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी धरून चाललो. फार वाईट वाटलं, आणि त्या भरात काम जीव ओतून केलं. नव्या प्लेटा तेलात भिजवल्या, त्यांच्यामधली प्रत्येक फट दोनदा मोजली. वर, ओझ्याच्या गाडीला घालतात तशी एक प्लेट जास्त बसवली. नसता शहाणपणा, दुसरं काय!

गिऱ्हाईकाला किल्ली देण्याआधी कारागिरानं गाडीत बसून एक फेरी मारायची, हा आमच्या धंद्यातला नेम. दुपारी तीनला निघालो. चालवायला मिसेस ऑक्सलीच बसल्या. मक्यावर ऊन पेंगत होतं. गिअर इतके अलगद बदलत होते की मी स्वतःवरच खूश झालो.

धान्याच्या कोठारापुढे गाडी आपणहून खालच्या गिअरवर आली. इंजिन कण्हू लागलं. माझी पाठ सीटमध्ये रुतली. समोर रस्ता सपाटच होता.

माझे कान बंद झाले.

"थांबवा, मिसेस ऑक्सली."

"अरे, आत्ता कुठे नीट चढतेय!"

खिडकीतून गार हवा आली. मक्याचा वास गेला. डोंगरातल्या पाइनच्या झाडांचा येऊ लागला. आमच्याकडे पाइन नाहीत. मी घाबरलो, साफ घाबरलो.

त्यांनी गाडी थांबवली आणि हँडब्रेक घट्ट ओढला.

"उतर पोरा. तुझी बायको वाट बघत असेल."

"तुम्हीही चला ना. पाया पडतो."

"काम चोख केलंस हो," त्या म्हणाल्या, आणि केस नीट केले.

मी उतरलो. त्यांना ओढून काढायला हवं होतं, पण नाही काढलं.

निळी गाडी सरळ मक्यातून गेली. लहान लहान होत गेली. शेवटी शेवटी तिच्याकडे बघायला मला मान वर करावी लागली.

मी गावाकडे पायी निघालो. रस्ता सपाट होता. तरी प्रत्येक पावलाला गुडघे तोल सावरत होते, आणि पायाची बोटं बुटाच्या टोकाला दाबली जात होती.