नाण्यावरची पाण्याची रेघ

नाणी जमवणाऱ्यानं बायकोला एकच गोष्ट बजावून ठेवावी लागते, नाणं घासायचं नाही. उज्वलाला मी लग्नापासून सांगत आलोय. पण गुढीपाडव्याच्या पूजेत काळी पडलेली चांदी ठेवायला तिचं मन घेईना, आणि मी नेमका फुलं आणायला पंचवटीच्या बाजारात गेलेलो.

आलो तर माझं सगळ्यात लाडकं नाणं लख्ख! शुद्ध चांदीचं, त्यावर आपल्या गोदावरीतला दुतोंड्या मारुती, पायाशी लाटा कोरलेल्या.

"टूथपेस्टनं घासलं," ती हसून म्हणाली. "मेली काळी रेघ पार गळ्यापर्यंत चढली होती त्याच्या."

नाशिककर पूर नदीपात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला लागलं. माझं नाणंही तसंच खालून वर काळं पडायचं, सरळ रेघेत. गेल्या पावसाळ्यात रेघ मारुतीच्या कमरेला आली आणि दुसऱ्याच दिवशी नदीचं पाणी त्याच्या कमरेला लागलं. पूर ओसरला की रेघही आपोआप जायची. सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी ते सगळ्यांना दाखवून मिरवायचो. पुसली मात्र कधीच नव्हती. आणि आता तर चैत्र, नदीत पाणी कुठलं?

दुपारी उज्वला म्हणाली, "पाय गार पडलेत हो माझे." तिच्या घोट्यांभोवती राखाडी रेघ होती. साबणानं जाईना. चहाच्या वेळेला ती गुडघ्यांच्या वर गेली. रेघेखालची कातडी थंडगार, आणि घरात ओल्या गाळाचा वास सुटलेला. नाण्यावरून काढलेली रेघ तिच्या अंगावर चढत होती. मी घाबरून गेलो. तिला काही झालं तर मी काय करणार होतो?

रेघ नाण्यावर परत यावी म्हणून मी अंडं उकडून आणलं आणि नाणं त्याच्या बलकात पुरलं. चांदी त्यानं हमखास काळी पडते. पाडव्याच्या दिवशी घरात अंडं, पण उज्वला नुसतीच पाय चोळत बसली होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दिवेलागणीला नाणं बाहेर काढलं. तसंच लख्ख.

तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टूल सरकलं. मी धावलो. उज्वला स्टुलावर चवड्यांवर उभी होती, हनुवटी वर धरून. रेघ गळ्याशी आली होती. फरशी कोरडी ठणठणीत.

"उज्वला... खाली ये. हात दे."

तिनं डोळे तेवढे खाली वळवले. माझ्याकडे बघत राहिली.

"अहो... तुम्ही तिथं खाली... श्वास कसा घेताय?"