अस्वलाची कूस

पेंढेवाल्याची लेक त्या दुपारी अस्वलाचा निरोप घ्यायला गेली. पेंढेवाला म्हणजे तिचे बाबा. संग्रहालयातल्या निम्म्या प्राण्यांत पेंढा त्यांनीच भरलेला. पद्धत जुनी: कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या विषाचा, साबण चोळायचा, लाकडी सांगाड्यावर पेंढा बांधायचा, वरून कातडं शिवायचं. सोमलाने कीड टिकत नाही. माणसंही फारशी टिकत नाहीत, म्हणून उद्या हे अस्वल भट्टीत घालायचं असं संग्रहालयाच्या साहेबांनी ठरवलं होतं.

बाबांनी जिवंत अस्वल जन्मात पाहिलं नव्हतं. कातडं आलं खरं, पण चेहरा कुठून आणायचा? त्यांनी शेजारी झोपलेल्या बायकोचा घेतला. पुढे लेक रांगायला लागायच्या आतच बायको वारली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"फोटो कशाला?" बाबा म्हणायचे. "अस्वल आहे की."

दालनात चिटपाखरू नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास, जाड पडदे, आणि कुशीवर झोपलेलं अस्वल. लेक त्याच्या तोंडाशी बसली. त्याची हनुवटी थेट लेकीसारखी.

"आई... उद्या तुला नेणार आहेत गं."

काहीच झालं नाही. मग झालं. खर्रर्र... जरा थांबून, फुस्स...

दारात साहेब. "ड्युटीवर घोरतंय कोण?"

"माझी आई."

"मग घरी न्या ना त्यांना!"

साहेब तावातावाने आले, आवाजाच्या मागावर वाकले आणि अस्वलाच्या नाकाशी पोचले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा आवाज पार खाली गेला होता.

"भट्टीचं... राहू द्या. उगाच झोपमोड नको."

घरी तिने सांगितलं. बाबांना काडीचंही नवल वाटलं नाही.

"घोरायचीच ती. 'कूस बदल गं' म्हटलं की थांबायची."

दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आत लेक दालनात गेली. घोरणं चालूच.

"कूस बदल गं, आई..."

आवाज थांबला. तिने पडदा नीट केला आणि ती मागे वळली. अस्वलाचं तोंड भिंतीकडे होतं. चौथऱ्यावरचे बोल्ट घट्ट, धूळ जशीच्या तशी. आता दिसत होती फक्त पाठ आणि बाबांची ओबडधोबड शिलाई.

जो चेहरा भट्टीतून वाचला, तोच आता दिसेनासा झाला. निदान चाचपावा म्हणून तिने अस्वल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला.

आतून कुणीतरी तो हात हळूहळू थोपटायला लागलं... तान्ह्या बाळाला झोपवताना थोपटतात, तसं.