एक ठोका म्हणजे ठीक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. जे घडलं ते माझ्यासोबत घडलं, आणि माझ्या डाव्या टाचेवर त्याचा व्रण आहे.

एक आधीच सांगतो. रात्र नव्हती.

रविवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं. शेजारच्या घरात कोणीतरी मोठ्या आवाजात मॅच बघत होतं. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे दादाची गाडी उभी होती.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. माणसांचे जीव दोरावर टांगून ठेवणारे आम्ही. भूतबित मानायला लागलो तर एक दिवस काम होणार नाही. अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत एकटा उतरलोय मी, कधी अंगावर काटा आला नाही.

त्या दिवशी मात्र आला...

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, गेल्या वर्षी आजारपणात गेला. लोखंडी पत्रे दाबायच्या कारखान्यात आयुष्य काढलं त्याने. तिथल्या धडधडाटाने दोन्ही कान पार निकामी झालेले. बोलायचं तर ओरडून बोला, नाहीतर हाताने सांगा. वहिनी चिडून म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी लागते."

सुट्टीच्या दिवशी दादा आणि मी गाडीवर काम करायचो. गाडीखाली शिरलेल्या माणसाशी बोलायचं कसं? त्यावर दादाने तोड काढली होती.

ठोके.

खालच्याने पान्याने गाडीच्या लोखंडावर एकदा ठोकायचं. म्हणजे, "सगळं ठीक?"

बाहेरच्याने जॅक बघायचा, उचललेली गाडी तोलून धरणारे स्टँड बघायचे, जमीन बघायची. आणि उत्तर द्यायचं.

एक ठोका म्हणजे ठीक. चालू दे.

दोन ठोके म्हणजे काहीही न विचारता बाहेर ये.

दादाचा ठोका लाखात ओळखू यायचा. आपण लोखंडावर पाना मारला की टिंग वाजतं, थोडं घुमतं. दादाला कानाने ऐकू येत नसे, म्हणून तो पाना मारायचा आणि तसाच लोखंडाला दाबून धरायचा. थरथर हाताला कळावी म्हणून. त्यामुळे त्याचा ठोका घुमायचाच नाही.

नुसतं... ठक.

आणखी दोन नियम होते त्याचे. काढलेल्या चाकांपैकी एक आडवं गाडीखाली सरकवायचं, म्हणजे स्टँड घसरला तरी गाडी चाकावर अडते. दुसरं चाक भिंतीला टेकवून उभं करायचं, हवेची नळी बरोब्बर वर. त्यावरून मी त्याला छळायचो, "दादा, चाकालाही नाक वर लागतं का रे?"

आणि तिसरी गोष्ट तो नेहमी ऐकवायचा. "गाडीखाली माणूस आणि शेगडीवर दूध. एकटं सोडायचं नाही."

त्या गाडीचं एकच दुखणं होतं. वळणावर मागून कलायची.  त्यावर उपाय म्हणून दादाने अँटी-रोल बार मागवला होता. जाड लोखंडी दांडा असतो. मधे दोन पट्ट्यांनी गाडीला धरायचा, आणि दोन टोकं मागच्या दोन चाकांकडे जोडायची. एक बाजू दबली की दांडा दुसऱ्या बाजूलाही ओढून धरतो. गाडी कलत नाही.

खोकं आलं तेव्हा दादा हॉस्पिटलमध्ये होता. मी म्हटलं, "लावून टाकू का?"

त्याने माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, तरी घट्ट धरलं.

"एकट्याने हात लावू नकोस. आपण दोघं मिळून लावू."

नंतर खोकं तसंच पडून राहिलं. मला त्याच्याकडे बघवत नसे.

पण वहिनीची टेकडीपलीकडच्या शाळेत बदली झाली. रोज टेकडीवरचा वळणावळणाचा रस्ता. एक दिवस ती म्हणाली, "भावोजी, प्रत्येक वळणाला वाटतं, गाडी मला टाकून देतेय. तो दांडा लावून द्या ना. ह्यांनी माझ्यासाठीच आणला होता."

नाही कसं म्हणणार?

त्या रविवारी मी वहिनीला ठोके शिकवले. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं, हातात छोटा पाना दिला. ती हसली. "एवढी वर्षं संसार केला, ह्यांनी मला हे कधी शिकवलं नाही. तुमची भावाभावांची गुपितं."

गाडीचा मागचा भाग उचलला. स्टँड लावले. चाकं काढली. एक चाक गाडीखाली सरकवलं.

हे मी शपथेवर सांगतो. सरकवलं. पायाने ढकलून नीट बसलंय का तेही बघितलं. दुसरं चाक मात्र तसंच फरशीवर आडवं टाकलं. कंटाळा, दुसरं काय.

मग छोटी चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकली आणि आत गेलो.

मधल्या पट्ट्या बसल्या. मी ठोकलं.

टिंग. वहिनीचं उत्तर.

उजव्या बाजूचा नट चढवला. थोडा सैल ठेवला, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी राहिली की करायचं असतं. पुन्हा ठोकलं.

टिंग.

डावीकडे सरकलो. तिथला नट बोटांनी जेमतेम दोन आटे फिरवला असेल...

कट्.

बारीक आवाज. कुठून आला कळलं नाही. चेहऱ्यावर थोडी धूळ पडली.

मी ठोकलं. सगळं ठीक?

जरा वेळ काहीच नाही.

शेजारची मॅचही ऐकू येत नव्हती. कोणीतरी टीव्ही बंद केल्यासारखं सगळं गप्प.

मग उत्तर आलं...

ठक.

माझं अंग सैल पडलं. खरं सांगतो, आधी मला काही वेगळं वाटलंच नाही. कित्येक वर्षं तो ठोका ऐकत आलोय. तो ऐकला की जिवात जीव येतो, इतकी सवय. मी पुन्हा नटाकडे हात नेला.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

हा ठोका घुमला नव्हता.

आणि तो स्टुलाच्या बाजूने आलाच नव्हता. स्टूल उजवीकडे. ठोका आला होता डावीकडून, माझ्या कानाजवळून. जिथे चाक असायला हवं, त्या रिकाम्या जागेतून.

मी मान वळवली. गाडीखालून बाहेर बघितलं.

स्टुलाचे चार पाय दिसत होते.

वहिनीचे पाय दिसत नव्हते.

"वहिनी?"



कट्... कट्... आता आवाज जवळून आला. स्टँडच्या पायाखालची फरशी तडकत होती. मला दिसत होती ती रेघ. केसाएवढी होती, बघता बघता बोटाएवढी झाली.

आता कोणीही बाहेर पळेल. मला कळत होतं, पळायला हवं.

तेवढ्यात, मी न विचारता...

ठक.

चालू दे.

आणि मी पडून राहिलो. पाचावर धारण बसली होती, तरी पडून राहिलो. माझे हातपाय माझं ऐकत नव्हते, त्या ठोक्याचं ऐकत होते. दादाने एक ठोका दिलाय म्हणजे ठीकच असणार, असं कोणीतरी माझ्याच आवाजात मला समजावत होतं.

ठक.

गाडी एका बाजूने हळूच खाली आली. पत्रा माझ्या छातीला लागला. गार होता... तापलेल्या शेडमध्ये, भर दुपारी, बर्फासारखा गार.

मग वहिनीची किंकाळी ऐकली.

तिने माझे दोन्ही पाय धरले आणि सगळं बळ एकवटून ओढलं. फळी घरंगळत बाहेर आली. डावी टाच कशालातरी घासून सोलली. त्याच क्षणी फरशी फुटली, स्टँड आडवा झाला आणि गाडी धाडकन जमिनीवर बसली.

मी जिथे पडलो होतो, तिथे आता वीतभर जागा नव्हती.

वहिनी म्हणाली, "दारावर पार्सलवाला आला म्हणून गेले हो. तुम्हाला दोनदा ओरडून सांगितलं. तुम्ही खालून ठोकलंत, मला वाटलं, बरं म्हणताय."

मला तिचं ओरडणं ऐकूच आलं नव्हतं. उत्तर म्हणून मी ठोकलंही नव्हतं.

"आणि गाडीखालचं चाक कोणी काढलं?" मी विचारलं.

"मी कशाला हात लावू?"

आम्ही दोघांनी एकदमच वळून बघितलं...

दोन्ही चाकं भिंतीला टेकून शेजारीशेजारी उभी होती.

दोन्हींच्या हवेच्या नळ्या बरोब्बर वर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वहिनीला मी एवढंच सांगितलं की फरशी खालून पोकळ होती. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचा गॅरेजवाला आला. दादाचा जुना दोस्त, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याने गाडी नेली, गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवली आणि मला गाडीखाली बोलावलं.

"उजवा नट सैल होता, तो आवळला. डावा तर तू पक्का केलाच होतास. मग एक बाजू अर्धी का ठेवलीस?"

मी वर बघितलं.

डाव्या नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. ताजी. नट पक्का केला की दादा अशी रेघ ओढायचा, पुढे नट हलला तर कळावं म्हणून. डॉक्टरने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून हात पुसत बसला.

उजवी बाजू मी लावलेली. डावी...

आपण दोघं मिळून लावू.

मी वहिनीला म्हटलं, दांडा काढून टाकू. तिने ऐकलं नाही. "आता गाडी कशी रुळावर असल्यासारखी चालते. काढायचा कशाला?"

मी तरी काय कारण सांगणार होतो?

महिनाभर सगळं बरं होतं. मग एकदा वहिनी म्हणाली, "भावोजी, शनिवारी चला माझ्यासोबत. तुम्हाला गंमत दाखवते."

गंमत!

टेकडीचा रस्ता लागला. पुढे एक मालट्रक रांगत होता. त्यापुढे आंधळं वळण, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. समोरून काय येतंय, काही दिसत नव्हतं. वहिनीने हॉर्न वाजवला नाही.

तिने बोटातल्या अंगठीने स्टिअरिंगवर एकदा ठोकलं.

मागून, गाडीच्या डाव्या अंगाकडून...

ठक.

वहिनीने गाडी बाहेर काढली आणि वेग दिला.

मी डोळे मिटले.  उघडले तेव्हा ट्रक मागे पडला होता आणि रस्ता मोकळा होता. वहिनीच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत न बघितलेलं हसू होतं.

"रोज देतात उत्तर," ती म्हणाली. "मी विचारते, हे सांगतात. आता कुठल्याच वळणाची भीती वाटत नाही बघा. डॉक्टरना गाडी दाखवली, ते म्हणाले, कुठेही काही सैल नाही. मला माहीतच होतं."

"कधी दोन ठोके दिलेत?"

"नाही. वेळच आली नाही."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. गाडी कडेला घ्यायला लावली आणि सगळं सांगितलं. फरशी तडकत होती तेव्हा आलेले ठोके. नाहीसं झालेलं चाक. पिवळी रेघ. "वहिनी, गाडी माझ्या छातीवर येत होती, तेव्हाही तो ठीक म्हणत होता. कळतंय का तुला? तेव्हाही एकच ठोका होता!"

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझा भाऊ वाईट नव्हता, हे मला तिच्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटत होतं. त्याने माझ्यावर जीव टाकला. कदाचित त्याला फरशीचा आवाज ऐकूच आला नसेल. कान होतेच कुठे त्याला? मी विचारलं, त्याने सवयीने उत्तर दिलं. एवढंच असेल.

पण मग चाक?

की त्याला तिथे एकट्याने काम करायचा कंटाळा आलाय...

वहिनीने डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली,

"पण तुम्ही वाचलात ना, भावोजी? मग ठीकच होतं की. ह्यांचं खरंच झालं."



तिने गाडी सुरू केली. पुढचं वळण समोरच होतं. तिने अंगठीचा हात उचलला, पण स्टिअरिंगला लावायच्या आधीच...

ठक.

वहिनी हसली. "बघा, न विचारताच सांगतात."

ती अजून रोज त्याच रस्त्याने जाते. शाळेत पोचली की मला फोन करते, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. फोन येईपर्यंत मी कुठल्याही लिफ्टला हात लावत नाही.