आतल्या बाजूचे थेंब

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता, नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका घराच्या भिंतीवर चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा पाच माणसांसमोर काढायचं ठरलं होतं. चिकटपट्टीवरच्या सह्या शाबूत होत्या. त्या पाचांमध्ये मी होतो, आणि सह्यांची कल्पनाही माझीच होती.

मी शहरातल्या एका दैनिकात काम करतो. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे घराच्या तपासणीवर अर्धं पान जातं आणि ते बहुतेक माझ्याच वाट्याला येतं. गच्चीच्या भेगा बुजवा, पाइपांची तोंडं साफ करा, रंगाला फुगवटा आला का पाहा, नाण्याने भिंत ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर गिलावा सुटला आहे. शेवटची सूचना प्लास्टिकची. ओल आलेल्या जागी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी घट्ट चिकटवायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. थेंब बाहेरच्या बाजूला असले तर पाणी हवेतलं. आतल्या बाजूला असले तर भिंतीतलं. यंदा हे वाचून प्रीतमचा फोन आला.

प्रीतम माझा शाळेतला मित्र. रेल्वेत आहे. त्याच्या घराची आणि शेजारच्या वामनरावांच्या घराची मधली भिंत एकच आहे. वामनराव कळमन्याच्या धान्यबाजारात अडते होते. आता घरीच असतात. दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आता ओलीमुळे सुरू झालं होतं, पण ते भांडण होतं.

त्या मधल्या भिंतीला लागून प्रीतमच्या आईची खाट होती. सिंधूताई, माझ्यासाठी सिंधूमावशी. दम्याच्या जुन्या रोगी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ओलीच्या खोलीत त्या फार दिवस काढणार नाहीत. सहा वर्षांपूर्वी प्रीतमचे वडील गेले ती खोली हीच, म्हणून त्या हलायला तयार नव्हत्या.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर पारा शेहेचाळीसवर होता. अंगणातली बादली तापलेली होती. खोलीत शिरलो आणि दंडावर काटा आला. भिंतीवरची बुद्धाची तसबीर काढून ठेवली होती; तिच्या जागी चौकोन कोरडा होता आणि त्याच्या खाली, खाटेवर पडलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, परातीएवढा डाग होता. कडेला लोणा, पांढरा खार, फुलला होता. वास मात्र ओलीचा नव्हता. बुरशी नाही, माती नाही. वासच नव्हता.

मावशींनी उजवा तळवा डागावर टेकवला होता. त्यांची करंगळी लहानपणी दारात चेंगरून मोडली होती, ती बाहेरच्या बाजूला वाकडी बसली होती. हाताखालून पाणी मनगटावर उतरत होतं.

"काहून हात लावते वं आई?" प्रीतम म्हणाला. "डॉक्टर काय म्हणून राहिले, आठवते ना?"

"थंड लागते रे. तुझ्या कूलरपेक्षा चांगलं आहे. अन् लाइट गेली तरी बंद पडत नाई."

त्या हसल्या, मग खोकल्या, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही.

प्रीतमच्या मते दोष वामनरावांच्या कूलरचा होता. त्यांच्या बाजूला खिडकीत मोठा लोखंडी कूलर होता आणि त्याची टाकी नेहमी झिरपायची. हे नागपुरात सगळ्यात आधी सुचणारं कारण आहे, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. प्रीतमने अंगणातूनच आवाज चढवला.

"तुमचा कूलर आमच्या मायचा जीव घेऊन राहिला!"

वामनराव बनियनवर बाहेर आले. "माह्या कूलरले पाय फुटले काय बे, भिंतीतून जायाले? तुमच्याच भिंतीले पान्हा फुटला असंन. अन् हे कोण? पेपरवाले आणले? छापा, छापा. फोटो माहा चांगला काढा."

त्यांच्या मागे दारात त्यांची पत्नी गोपिका उभी होती. ती हसली नाही.

वॉटरप्रूफिंगचं काम करणारा सौरव आला. त्याने दोन्ही घरांचे नळ बंद करून मीटर पाहिले. काटे हलले नाहीत. दोन्ही टाक्यांत आणि कूलरमध्ये लाल रंग घातला. डागातलं पाणी स्वच्छच राहिलं. मग त्याने प्रीतमच्या बाजूने डागाच्या मध्यभागी गिलाव्याचा छोटा टवका काढला. आत वीट दिसली. भट्टीतून आत्ताच काढल्यासारखी कोरडी. छिन्नी लागली तशी लाल धूळ उडाली आणि ओल्या गिलाव्यावर बसली.

"असं होत नाई," सौरव म्हणाला. छिन्नी पिशवीत टाकून तो पैसे न घेता गेला.

त्यानंतर वामनरावांनी कूलर बंद केला, पण म्हणू लागले की प्रीतमच भिंतीवर पाणी शिंपडून त्यांना बदनाम करतो. प्रीतम म्हणू लागला की ते पलीकडून भोक पाडून पाणी सोडतात. तेव्हा मी सह्यांची गोष्ट काढली. निवडणुकीत मतदान यंत्रं ठेवलेल्या खोलीचं दार लाखेने बंद करताना मी अनेकदा पाहिलं आहे. तसंच करायचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर प्लास्टिक. चिकटपट्टीवर दोन्ही घरच्यांच्या सह्या, अर्ध्या पट्टीवर, अर्ध्या भिंतीवर. पट्टी उचलली तर सही तुटेल.

गुरुवारी संध्याकाळी प्लास्टिक डागापेक्षा मोठं कापून, कोरड्या रंगावर पट्टी दाबून लावलं. वामनरावांनी सही करताना नाण्याने पट्टी दोनदा घासली. "आता पाहू कोणाचं पाणी आहे ते." मावशींची खाट त्या एका रात्रीपुरती पुढच्या खोलीत हलवली. त्या रुसल्या.

शुक्रवारी सकाळी आधी वामनरावांची बाजू पाहिली. आतून बाहेरून कोरडं. मग प्रीतमची.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दाट थेंब होते. आणि त्या थेंबांमधून चार पट्टे वरून खाली पुसलेले होते.

सगळे भिंतीजवळ सरकले.

बाहेरून प्लास्टिक दाबलं तर थेंब पसरतात, पुसले जात नाहीत. मी कोपऱ्यात करून पाहिलं. पुसलेल्या पट्ट्यांतलं प्लास्टिक स्वच्छ होतं, काच पुसल्यासारखं. वरच्या टोकाला बोटांच्या टोकांची गोलाई होती. मी स्वतःचा हात समोर धरला. माझा हात लहान नाही. ती बोटं त्याहून रुंद होती.

वामनरावांनी सह्या पाहिल्या. स्वतःची सही अंगठ्याने चाचपली. मग पट्टी न काढताच ते दाराकडे गेले.

"म्हातारीले इथून ने," ते प्रीतमला म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "आजच ने."

तो आवाज प्रीतमने तेव्हा ओळखला असता तर बरं झालं असतं. वर्षानुवर्षं त्या तोंडून त्याने चांगला शब्द ऐकला नव्हता.

"असं हाय काय? आमाले घरातून काढायचं होतं, म्हणून हे सारं करून राहिले?" तो ओरडला. "माही माय इथून हलत नाई! तुमच्या धमकीनं तर मुळीच नाई!"

"धमकी नाई देऊन राहिलो गा."

"मंग काय देऊन राहिले?"

वामनराव बाहेर पडले. संध्याकाळी त्यांच्या घराला कुलूप होतं. कूलर खिडकीतच होता.

प्रीतमने प्लास्टिक फाडून टाकलं आणि आईची खाट पुन्हा भिंतीला लावली. मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "आता हलवली तर तो जिंकला."

पुढच्या आठवड्यात मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी डाग खाटेच्या लांबीएवढा झाला होता आणि खाटेच्या उंचीपर्यंत उतरला होता. मावशींचा श्वास आता बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. दुसऱ्या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, तळवा टेकवलेला.

"मावशी, हात काढा. श्वासाला त्रास होतोय."

"मी कुठं लावून राहिली?" त्या भिंतीकडे पाहतच म्हणाल्या. "आधी लावत होती. आता तिकडून धरून ठेवते माझा हात."

"कोण?"

मी त्यांचं मनगट धरून हात ओढला. तो आला, पण लगेच नाही. चिकटलेला ओला कपडा ओढून सोडवावा, तसा आला. तळवा पांढरा पडला होता, सुरकुतलेला, आणि मनगटापर्यंत गार.

प्रीतमने ते पाहिलं. तो दारात उभा होता. त्याने गाडी मागवली.

मावशी काही दिवस दवाखान्यात होत्या. तिथून प्रीतमची बहीण मेघा त्यांना कोराडीला घेऊन गेली. मेघाचा नवरा तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात आहे. त्यांना वसाहतीत क्वार्टर आहे. तिथे ओल शोधूनही सापडणार नाही. राख मात्र सगळीकडे. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.

मावशी घराबाहेर पडल्या त्याच दुपारी जरीपटक्यातली भिंत वाळली. प्रीतमने फोन करून बोलावलं. मी नाण्याने खालपासून वरपर्यंत ठोकली. सगळीकडे भरीव आवाज. लोणाही नव्हता. सौरवने पाडलेला टवका तेवढा होता, म्हणून जागा सापडली.

कोराडीत मावशींची तब्येत सुधारली. डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी आहे. मेघाने खाट खोलीच्या मधोमध ठेवली होती. मावशींनी ती भिंतीला लावायचा हट्ट धरला, रोज. जेवण सोडलं तेव्हा मेघा नमली. पण तिने आधी मला बोलावलं, आणि आम्ही खाटेजवळच्या कोरड्या भिंतीवर प्लास्टिक लावलं. चारही बाजूंना पट्टी, पट्टीवर मेघाची आणि माझी सही.

"कायले लावून राहिले गा हे?" मावशींनी विचारलं.

"भिंत खराब होऊ नये म्हणून."

"भिंतीले काई होत नसते," त्या म्हणाल्या.

आज सकाळी मेघाने फोटो पाठवला. प्लास्टिकवर पाण्याचा थेंब नाही. आतल्या बाजूला राखेचा पातळ, सारखा थर आहे. त्या थरातून चार रुंद पट्टे वरून खाली पुसलेले आहेत. त्यांच्या शेजारी एका हाताचा पूर्ण ठसा आहे. तो लहान आहे, बारीक बोटांचा, आणि त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी आहे.

मी फोन केला. मेघा स्वयंपाकघरातून हळू आवाजात बोलत होती. सह्या शाबूत आहेत. आई उठली आहे, चहा मागितला आहे, डाव्या हाताने कप धरला आहे. उजवा हात चादरीखाली आहे. बाहेर काढ म्हटलं तर काढत नाही.

मेघाने अजून चादर उचललेली नाही.