आप्पांच्या गाडीचं जुनं इंजिन

"थांबा! ते भट्टीत टाकू नका!"

रेणू धावत आली ती ओरडतच. जालन्याच्या एमआयडीसीतलं भंगाराचं आवार, वर आभाळ गच्च भरलेलं, आणि समोर एक जण इंजिनापुढं उकिडवा बसून फडक्यानं त्याचा नंबर पुसत होता. त्यानं वर पाह्यलं... पाह्यलं ते पाह्यलंच.

"हे न्हाई जाणार भट्टीत," तो म्हणाला. "मीच बाजूला काढून ठेवलंय. इतकं जुनं इंजिन, मन होईना माझं. तुमचं कोण लागतं हे?"

आता यावर हसावं की रडावं! रेणूनं आरसी बुकातला नंबर वाचला, त्यानं इंजिनावरचा. एकेक आकडा जुळत गेला आणि शेवटच्या आकड्याला तिचे डोळे भरून आले.

त्याचं असं झालं होतं. हसनाबादच्या बिरूआप्पांनी, म्हणजे रेणूच्या वडलांनी, लांब नाकाच्या ट्रकमधून चाळीस वर्षं लोकांची शेरडं-मेंढरं बाजाराला नेली. आता त्यांची नजर गेली होती आणि गाडी अंगणात बंद पडलेली. रेणूचं लग्न ठरलं तसा भाऊ रामप्रसाद हौसेला पेटला. वऱ्हाड आप्पांच्याच गाडीतून न्यायचं! त्यानं गाडीला दुसरं इंजिन बसवलं आणि जुनं दिलं भंगारात. गाडी सुरू झाली. आप्पांनी आवाज ऐकला आणि काठी टेकत घरात निघून गेले.

"ही माझी गाडी न्हाई. माझं इंजिन बसल्याबिगर वऱ्हाड हलणार न्हाई!"

म्हाताऱ्याचा हट्ट तो! म्हणून रेणू शोधत फिरत होती.

इंजिनापुढं बसलेला तो माणूस मेकॅनिक होता, नाव सुमित. आवारामागंच त्याचं शेड होतं; इंजिन दुरुस्त करून परत गाडीत बसवायचं काम त्यानंच घेतलं. रेणू जवळच्याच बियाण्यांच्या कंपनीत कामाला, त्यामुळं सुट्टी झाली की तिचे पाय आपोआप तिकडं वळायला लागले.

"दुसऱ्या इंजिनावरबी गाडी बराबर पळती," तो एकदा म्हणाला. "एवढं काय हाय याच्यात?"

"आप्पांना विचारा."

"तुम्हाला विचारून राह्यलो."

"त्यांना दिसत न्हाई. आवाजच ओळखीचा राह्यला त्यांच्या. उद्या तुमचा आवाज बदलला तर मला—" रेणूनं जीभ चावली.

"तर तुम्हाला... काय?"

"काही न्हाई! काम करा जल्दी."

तो खाली मान घालून हसला. गालावर तेलाचा डाग होता. पुसायला तिचा हात उठला... आणि ओढणीतच अडकून राहिला. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. त्या दिवशी तिचा टेम्पो चुकला आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पण इंजिन रोज थोडं नीट व्हायचं आणि रोज रेणू लग्नाचे उरलेले दिवस मोजायची. इंजिन बसलं की वऱ्हाड निघणार. स्वतःच्या हातानं तिनं हे काम त्याच्याकडं आणलं होतं!

शेवटी एका संध्याकाळी ती बोललीच. "फुटलंय म्हणून सांगा ना आप्पांना. आता होत न्हाई म्हणा."

सुमितनं हातातला पाना खाली ठेवला.

"नजर गेलेल्या माणसाला फसवू?"

"मंग मला जाऊ देता?"

"तू बोल आप्पांशी," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मी बौद्धाचा, तू धनगराची. गावात बोंब होईल, शिव्या पडतील. खाईन मी. तू फक्त एकदा तोंड उघड, मी तिथंच उभा असंन. पण चांगल्या इंजिनाला मी फुटकं न्हाई म्हणणार."

असल्या माणसावर रागवावं तरी कसं? रेणू रडत घरी आली.

लग्नाला चार दिवस उरले होते. अंगणात सगळे जमले. सुमितनं गाडी सुरू केली आणि जुनं इंजिन दोनदा खोकून धडधडायला लागलं. आप्पा काठी टाकून पुढं आले. दोन्ही हात बोनेटवर ठेवून ऐकत राहिले.

रेणूनं डोळे मिटले. जीव गोळा करून म्हणाली, "आप्पा, मला त्या घरी न्हाई जायचं. मला सुमित पाहिजे!"

"आँ?" आप्पांनी कानाला हात लावला. "काय म्हणलीस?"

सुमितनं ऐकलं होतं. त्यानं झटकन इंजिन बंद केलं. आता बोललेला शब्दन्शब्द अंगणभर ऐकू गेला असता.

"सांग की, माय," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. किती वर्षांत रेणूनं त्यांना असं पाहिलं नव्हतं. तिनं सुमितकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं. ओठ हलले...

"काही न्हाई, आप्पा. आवाज... तोच हाय म्हणलं."

"तोच! बिलकुल तोच!" म्हातारा हसत होता, रडत होता. चाचपडत त्यानं सुमितचा हात धरला. "लई उपकार केलेस, पोरा. आता एवढं एक कर. वऱ्हाडाची गाडी तूच चालव. माझ्या लेकीला तूच पोचव तिच्या घरी."

सुमितनं रेणूकडं पाहिलं नाही.

"व्हय, आप्पा," तो म्हणाला.