काळ्या स्वाराचा कोट

“हात वर! मी काळा स्वार आहे!” लंबूने शिवणटेबलावरून उडी मारली.

“गाढवा, उतरव तो कोट!” चिमी ओरडली. “संग्रहालयाचा आहे. फाटला तर मावशी आपल्याला सोलून काढेल!”

सुट्टीत दोघं भावंडं मावशीच्या शिवणाच्या दुकानात मदत करत होती. कोट अस्तर बदलायला आला होता. अख्ख्या गावाला या दरोडेखोराचं वेड! कपांवर तोच, टोप्यांवर तोच. दरवर्षी त्याचं नाटक व्हायचं. त्यात एक पोस्टमन त्याच्या पाठीत गोळी घालून पळून जायचा आणि प्रेक्षक पोस्टमनला शिव्या घालायचे. खरं तर दोघंही बेपत्ताच झाले होते. गुहेत सापडला तो पाठीला भोक पडलेला हा कोट.

तो पोस्टमन म्हणजे आजोबांचे वडील. नाटकाच्या आठवड्यात आजोबा घराबाहेर पडत नसत. चिमीला त्या नाटकाची चीडच होती.

तिने अस्तर उसवलं आणि ती थबकली. कोटाच्या छातीवर अर्धगोल भागात कापडाचा रंग उडाला नव्हता. त्यात चार भोकं होती.

“लंब्या, आतून जाड पट्टी लावलीय! इथे काहीतरी जड अडकवत असणार.”

“दरोडेखोर काय बिल्ला लावून फिरतो?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोट उचलून घराकडे धूम ठोकली.

तासाभराने संग्रहालयात पाहुण्यांची गर्दी होती. चिमीने सगळ्यांसमोर विचारलं, “काका, हा कोट नक्की काळ्या स्वाराचाच ना?”

“शंभर टक्के!” व्यवस्थापक ऐटीत म्हणाले.

“मग तो पोस्टात नोकरीला कधी लागला?”

आजोबांच्या कपाटातून न विचारता आणलेला पणजोबांचा पोस्टाचा अर्धगोल पितळी बिल्ला तिने कोटावर ठेवला. बिल्ल्यामागचे चार आकडे चार भोकांत चपखल बसले. व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला.

“म्हणजे पाठीत गोळी पोस्टमनला लागली होती!” कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी व्यवस्थापक स्वतः कोट घेऊन घरी आले. “चुकलंच आमचं. पोरांनी डोळे उघडले. यंदा नाटक होणार नाही.”

आजोबा कोटावरून हात फिरवत होते. “बिल्ला मी काढला होता. खेळायला. पाच वर्षांचा होतो. तो कोटावर असता, तर तेव्हाच ओळख पटली असती.” त्यांनी डोळे पुसले. “आणि मी जन्मभर वडिलांवरच रागावून राहिलो. मला वाटायचं, आम्हाला टाकून पळाले.”

चिमीला रडू आवरेना. आजोबांनी तिला आणि लंबूला जवळ ओढलं. “शाब्बास रे पोरांनो! माझा बाप परत आणलात.”

मग ते मावशीला म्हणाले, “अस्तर घाल, बाई. पण पाठीवरचं ते भोक शिवू नकोस.”